ती खरूज नव्हती

मालनबाईंना दवाखान्यातून काढलं तो दिवाळीनंतरचा पहिला सोमवार होता, आणि त्यांना काढायला लावणारं वाक्य निलमच्या तोंडून निघालं होतं. पुढं कित्येक महिने कुणी तिला त्याबद्दल विचारलं नाही, कुणी धारेवर धरलं नाही. तरी तो वार, ती वेळ आणि बोलताना आपला आवाज किती साधा होता हे तिला आठवत राहिलं.

निलम राठोड ही कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरची सून. बारावी झालेली. नवरा संतोष पिकअप चालवायचा, आठ-आठ दिवस घराबाहेर असायचा. घरात सासू मिराबाई आणि सहा वर्षांची आरोही. हिंगोलीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आकांक्षा मॅडमचा दातांचा दवाखाना होता, तिथं निलम पाच वर्षांपासून कामाला होती. आधी नुसते नंबर लावायची. मग मॅडमनी तिला हाताला धरून एकेक काम शिकवलं. खुर्चीशेजारी उभं राहून लाळ ओढणारी नळी धरायची, सिमेंट कालवायचं, आणि तात्पुरते दात करायचे असले की पांढरी पावडर आणि पातळ औषध एकत्र करून त्याचा गोळा मळायचा. त्या औषधाचा वास नाकात जाऊन बसायचा तो घरी गेल्यावरही सुटायचा नाही. निलमला तो वासही आवडायचा. तांड्यावरच्या बाया तिला थट्टेनं 'डाक्टरीण' म्हणायच्या, आणि थट्टा असली तरी दाढ दुखली की आधी तिलाच विचारायला यायच्या.

मालनबाई नरसीच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं काटक. त्यांच्याकडं झाडू, फरशी आणि हत्यारं धुण्याचं काम. रोग्याच्या तोंडातून निघालेली हत्यारं आधी साबणानं घासायची, मग मागच्या खोलीत एका टबात उग्र वासाचं औषध असायचं त्यात बुडवायची, मग काढून मशीनमध्ये लावायची. हातात पातळ ग्लोव्हज असायचे, पण मालनबाई एकच जोडी फाटेपर्यंत वापरायच्या. "चांगले हायेत की आजूक," म्हणायच्या. बोटाला भोक पडलेलं असायचं आणि आत औषधाचं पाणी खेळायचं.

मालनबाईंचे हात उन्हाळ्यातच बिघडले होते. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग बारीक फोड, मग कातडी सोलून लालभडक. निलमचे हात बिघडायला लागले ते पोळ्याच्या सुमाराला. ते तिनं कुणाला दाखवलं नव्हतं. पण मालनबाईंच्या नजरेतून काय सुटणार? दुपारी डबा खाताना त्यांनी निलमचं मनगट धरलं आणि उजेडाकडं फिरवलं.

"पोरी, तुला पण व्हय?"

"उगं जरा खाजतंय, मावशी."

"माझं बी असंच जरा जरा करून वाढलं." दुसऱ्या दिवशी त्या औषधाच्या जुन्या बाटलीत करंजीचं तेल घेऊन आल्या. मग रोज डबा झाला की दोघी मागच्या खोलीत पाटावर बसून हाताला तेल चोळायच्या. मालनबाई म्हणायच्या, "कुणाला सांगू नको. दवाखान्यातल्या माणसालाच रोग म्हणल्यावर लोकं काय म्हणतील?" निलमला ते पटायचं. आणि आपल्यासारखंच दुसऱ्या कुणाला तरी आहे, याचा आतून आधारही वाटायचा.

त्या सोमवारी गावातल्या एका मोठ्या घरची बाई खुर्चीवर होती. चूळ भरायला मालनबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. ग्लोव्हज नुकतेच काढलेले होते. बाईनं हात पाहिले आणि ग्लास न घेताच खुर्चीतून खाली उतरली.

"हे काय आहे हिच्या हाताला? अन् ह्याच हातानं तुमची हत्यारं धुऊन राहिली का ही? मॅडम, मला नाही दात काढायचा इथं!"

बाहेर बाकावर सात-आठ जण बसलेले. सगळ्यांनी ऐकलं. दोघं उठून गेले. राहिलेल्यांत नरसीची एक बाई होती, एक्सरेच्या खोलीच्या पडद्याला लागून बसलेली.

मॅडमनी निलमला एक्सरेच्या खोलीत बोलावलं. पडदा ओढला. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"खरं सांग निलम. मावशींच्या हाताला हे कधीपासून आहे?"

निलमच्या हातात ग्लोव्हज होते. आतून बोटं चरचरत होती. मॅडमची नजर खाली येईल, त्या म्हणतील काढ बरं तुझे पण, असं वाटलं आणि तिनं हात पाठीमागं घेतले. मग ती बोलली.

"मॅडम, मावशीला खरूज हाये. त्यांच्या घरातच हाये ती."

मॅडम काही बोलल्या नाहीत. ते गप्प राहणं निलमला झेपलं नाही. बोललेलं पक्कं व्हावं म्हणून तिनं आणखी एक वाक्य जोडलं.

"नातीला पण हाये."

एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. मॅडम मालनबाईंना सगळ्यांदेखत काही बोलल्या नाहीत, मागच्या खोलीत नेऊन म्हणाल्या, "मावशी, बरं होईपर्यंत घरी थांबा. औषध घ्या. बरं झालं की बघू." त्या 'बघू'चा अर्थ मालनबाईंना कळला. त्यांनी डबा पिशवीत टाकला, दोन्ही हात पदराखाली घेतले. दारात थांबून निलमकडं पाहिलं.

"येते गं," म्हणाल्या. निलमच्या हाताबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तिथल्या तिथं निलमचंही काम गेलं असतं.

त्यांच्या जागी निता नावाची एक पोरगी आली. निलमनं तिला काम दाखवलं, टब दाखवला, आणि स्वतः त्या टबापासून लांब राहू लागली. ती एकावर एक दोन ग्लोव्हज घालायला लागली. रोग असेल तर आत राहील, आणि बाहेरचं काही आत येणार नाही, असा तिचा हिशोब. झालं उलटंच. हात आणखी पेटले. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या, गोळा मळला की त्या भेगांतून आग व्हायची. करंजीच्या तेलाची बाटली मागच्या खोलीत फळीवर तशीच होती. निलम तिला हात लावत नव्हती.

घरी मिराबाईंनी आधी काही म्हटलं नाही. मग एका संध्याकाळी निलम परात पुढं ओढायला गेली तर सासूनं ती आपल्याकडं ओढून घेतली.

"राहू दे. मी थापते."

"याडी, मी करते ना," निलम सासूला म्हणाली.

"लेकराचं घर हाये. बरं झाल्यावर कर." आवाजात राग नव्हता. राग असता तर निलमला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी तिचा ग्लास मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला दिसला. तिनं मुकाट्यानं त्यातलं पाणी पिलं. पिताना तिच्या डोळ्यांपुढं पदराखाली लपवलेले दोन हात आले.

आरोही वेणी घालून घ्यायला आजीकडं जायला लागली. "मम्मी, तुझे हात टोचतात," एवढंच म्हणाली. तांड्यावर एका घरी लग्न निघालं तेव्हा हळद दळायला, पापड लाटायला सगळ्या बायांना बोलावणं आलं, निलमलाही आलं, पण तिथं गेल्यावर एकीनं हसत हसत सांगितलं, "तू बस गं, डाक्टरीण. तू नुसती गाणी म्हण." निलम भिंतीला टेकून बसली. हात कुठं ठेवावेत तेच कळेना. मांडीखाली घेतले, मग पदरात, मग परत मांडीखाली.

संक्रांत झाली. एक दिवस नरसीच्या सुमनबाई कवळीचं माप द्यायला आल्या. साठीच्या, बोलक्या. मापाचा मसाला घट्ट होईपर्यंत त्या गप्प होत्या, तोंड मोकळं झाल्याबरोबर सुरू झाल्या.

"आमच्या शेजारची मालन होती ना इथं? ती गेली कुरुंद्याला, बहिणीकडं. हळदीच्या कामाला."

निलम पाण्याचा ग्लास भरत होती. "काहून? गाव सोडून काहून गेल्या?"

"काय करंल राहून? आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाची दर महिन्याला द्वादशीची पंगत असते. वीस वर्षं कणिक तीच मळायची. इथून काढल्याचं गावात कळलं. खरूज म्हणल्यावर पिठाला कोण हात लावू देतं? तिला कुणी नको म्हणलं न्हाई. नुसतं बोलावलं न्हाई. ती आली, उभी राहिली, परातीपाशी दुसरी बसलेली दिसली. तशीच माघारी गेली." सुमनबाईंनी चूळ भरली. "पण खरं सांगू का, मी तिची शेजारीण. मला कधी तिच्या घरात खरूज दिसली न्हाई. कोण बोललं काय माहीत."

सुमनबाई तिच्याकडं भरवशानं बघत होत्या, आणि निलम ट्रेमधला मापाचा साचा पुसत राहिली, पुसलेलाच परत पुसत राहिली.

त्यानंतर महिन्याभरात निलमचे हातही उघडे पडले. एका रोग्याची दाढ भरताना मॅडमना निलमच्या ग्लोव्हजच्या आतून लाल दिसलं. रोगी गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. "काढ."

निलमनं एक ग्लोव्ह काढला, मग आतला दुसरा. भेगांतून रक्त आलं होतं. मॅडमनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. निलम तिकडं न बघता भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघत राहिली. आता ओरडा बसेल, मग घरी जा म्हणतील, असं तिनं धरलं होतं.

"हे बघ," मॅडम हळूच म्हणाल्या. "इथं मनगटापाशी सरळ रेषेत थांबलंय. ग्लोव्ह जिथं संपतो तिथंच." त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं. "नांदेडला माझ्या ओळखीच्या चामडीच्या डॉक्टर आहेत. उद्याच जायचं."

नांदेडला निलमची नणंद राहायची. तिच्याकडं पाच दिवस मुक्काम पडला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर चिकटपट्ट्यांखाली बारीक बारीक ठिपक्यांसारखी वेगवेगळी औषधं लावली. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, मग पट्ट्या काढायच्या आणि आणखी दोन दिवसांनी परत दाखवायचं. सगळं लिहून घेताना बाईंनी विचारलं, "दवाखान्यात तुमच्याशिवाय आणखी कुणाला असा त्रास झाला का? सफाईवाल्या वगैरे?"

"न्हाई," निलम म्हणाली.

विचार न करता म्हणाली. बाहेर आल्यावर जिन्यात तिला स्वतःचाच धक्का बसला. पहिल्या वेळी भीती होती, लेकरू होतं, काम जाईल असं होतं. आता कुणाची भीती होती? ह्या बाई ना हिंगोलीच्या, ना नरसीच्या. तरी जीभ आपोआप तिकडंच वळली. नणंदेच्या घरी पालथं झोपून, पाठीला खाज सुटलेली असताना, तिला सोमवारचं ते वाक्य परत परत ऐकू यायला लागलं. विशेष करून दुसरं. नातीला पण हाये.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली. दोन ठिकाणी लाल गाठीसारखं उठलं होतं.

"एक ग्लोव्हजच्या रबरातलं रसायन. दुसरं तुम्ही दातांसाठी जे पातळ औषध कालवता ते. ते पातळ ग्लोव्हजमधून आत जातं, म्हणून दोन घातले तरी उपयोग नाही. ही अ‍ॅलर्जी आहे. कुणाकडून लागलेली नाही, तुमच्याकडून कुणाला लागणार नाही. तुम्ही लेकराला जवळ घ्या, स्वयंपाक करा, कुणाला काही होत नाही."

निलमला रडू यायला हवं होतं. आलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, मी त्या दिवशी खोटं बोलले. आमच्याकडं एक मावशी होत्या. हत्यारं औषधात बुडवायच्या. त्यांचे हात माझ्याआधी गेले."

"त्या औषधानं होतंच पुष्कळांना. त्यांचे हात आता कसे आहेत?"

"माहीत न्हाई."

बाईंनी मान खाली घालून कागदावर लिहायला सुरुवात केली. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पण चार महिने झाले आणि आपल्याला माहीत नाही, हे निलमनं पहिल्यांदा स्वतःच्या कानानं ऐकलं.

परतीच्या गाडीतून ती वसमतला उतरली आणि कुरुंद्याची गाडी पकडली. मालनबाईंच्या बहिणीचं घर शोधायला फार वेळ लागला नाही. गावात जिकडं तिकडं शिजवलेली हळद वाळत पडली होती, हवेत तिचाच मातकट वास. बहिणीच्या घरामागच्या खळ्यात चार-पाच बाया बसून वाळलेल्या हळकुंडाची मुळं खुडत होत्या. मालनबाई टोकाला होत्या. निलमला पाहून त्या उठल्या नाहीत. शेजारच्या बायांना म्हणाल्या, "मी आले जरा," आणि निंबाखाली येऊन उभ्या राहिल्या.

निलमनं आधी त्यांचे हात पाहिले. पिवळेधमक, आणि सगळी कातडी जागच्या जागी. कुठं भेग नाही, फोड नाही.

"बरे झाले," मालनबाईच म्हणाल्या. "महिन्यातच झाले. लोकं म्हणत्यात हळदीनं झाले. मला वाटतं त्या टबातून सुटले म्हणून झाले. तुझे?"

निलमनं हात पुढं केले. मालनबाईंनी पाहिले, पण धरले नाहीत.

"मावशी, ती खरूज नव्हती. तुमची पण न्हाई, माझी पण न्हाई. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं." निलमनं पिशवी खाली ठेवली. "आन् मॅडमला खरूज म्हणून मीच सांगितलं व्हतं."

"ऐकलं व्हतं मी."

"कसं काय?"

"एक्सरेच्या खोलीला दार कुठं हाये? नुसता पडदा हाये. मी मागं नळापाशी उभी व्हते. बाकावरच्या नरसीच्या बाईनं बी ऐकलं, तिनंच गावात नेलं."

"मग तुमी काहून बोलल्या न्हाई? माझे हात तर तुमाला माहीत व्हते."

"बोलून काय झालं असतं? दोघीचं गेलं असतं. तुझं लेकरू लहान." मालनबाईंनी कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. "लई चांगली हाये म्हणून गप बसले असं समजू नको. घरी जाऊन लई शिव्या घातल्या तुला. राग व्हता. आजूक हाये. पण माझं एक बाजूला राहू दे. नातीचं नाव तू काहून घेतलं?"

निलमनं पुढं केलेले हात मागं घेतले.

"श्रावणी नाव हाये तिचं. तिसरीत हाये. अंगावर डाग न्हाई पोरीच्या. तू तिला कधी पाह्यलं पण न्हाई. शाळेत तिला आठ दिवस दाराजवळ एकटी बसवली. खिचडी घ्यायला सगळ्यांच्या मागून. पोरगी घरी येऊन विचारायची, आज्जी, मला काय झालं?" मालनबाईंचा आवाज चढला नाही, पण बोलताना त्यांची पिवळी बोटं लुगड्याच्या काठाला पीळ देत होती. "मी मोठी बाई हाये. मी सोसलं. तिनं काय केलं व्हतं तुझं?"

"मावशी, माझं चुकलं," निलम म्हणाली, आणि म्हणताना ते शब्द किती तोकडे आहेत हे तिलाच जाणवलं. पाया पडायला वाकली तर मालनबाई एक पाऊल मागं सरल्या.

"मला सांगून काय व्हतं? मला तर माहीतच हाये. जिथं बोलली तिथं सांग. जिथं जिथं गेलं तिथं जाऊन सांग."

त्यांनी आतून तांब्या आणून पाणी दिलं. चहा टाकला नाही. निलमनं पाणी पिलं, तांब्या खाली ठेवला आणि स्टँडकडं चालायला लागली. मागं वळून पाहिलं तेव्हा मालनबाई परत हळदीपाशी बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी निलमनं मॅडमना सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न गाळता. तेलाची बाटली, पाठीमागं घेतलेले हात, नात. मॅडम आपल्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. निलमला वाटलं, आता तरी त्या चिडतील. त्या चिडल्याही. "पाच वर्षं मी तुला घरच्यासारखी वागवली आणि तू माझ्या तोंडावर..." म्हणून थांबल्या.

"पण तू सांगितलंस आणि मी मानलं," शेवटी म्हणाल्या. "मी डॉक्टर ना? त्या दिवशी मावशींचे हात मी हातात घेऊन बघायला पाहिजे होते. मी लांबूनच बघितले."

त्यांनी मालनबाईंना फोन लावला, माफी मागितली, कामावर या म्हणाल्या. पलीकडून काय बोलणं झालं ते निलमला ऐकू आलं नाही, फोन ठेवून मॅडम एवढंच म्हणाल्या, "नाही येत म्हणाल्या." मग त्यांनी आपल्या कागदावर सही-शिक्क्यानिशी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. मालनबाईंना किंवा त्यांच्या नातीला कसलाही संसर्गाचा आजार नव्हता आणि नाही, जे झालं ते दवाखान्यातल्या औषधामुळं झालं. "मी पाठवू का कुणाला?"

"न्हाई मॅडम. मीच घेऊन जाते."

पुढच्या द्वादशीला ती नरसीला गेली. सुमनबाईंच्या गल्लीत मांडवाखाली बायांचा स्वयंपाक चालला होता. एक वरण घोटत होती, दोघी कणिक मळत होत्या. निलम चप्पल काढून कडेला उभी राहिली. रस्ताभर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"मी हिंगोलीच्या दातांच्या दवाखान्यात असते," ती म्हणाली. "मालनबाईंना खरूज हाये असं मी सांगितलं व्हतं. ते खोटं व्हतं. त्यांना खरूज नव्हती. त्यांच्या नातीला पण नव्हती. मी माझं काम वाचवायला बोलले."

वरण घोटणारा हात थांबला. सुमनबाई उभ्याच राहिल्या, त्यांच्या तोंडावरचा तो भरवसा जाताना निलमनं पाहिला. कणकेजवळची एक बाई म्हणाली, "मग खरूज तुला व्हती म्हण की!"

निलमनं हात पदराबाहेर काढले. अजून लालच होते, भेगा अर्धवट भरलेल्या. सगळ्या बाया बघत होत्या. ती म्हणाली, "मला पण खरूज न्हाई. दवाखान्यातल्या औषधानं झालं. दोघींना त्यानंच झालं. पण नाव मी त्यांचं घेतलं."

"आन् आता सांगून राहिली? चार महिने झाले."

"व्हय," निलम म्हणाली.

कुणी हाकललं नाही, कुणी बस म्हटलं नाही. सुमनबाईंनी चिठ्ठी घेतली, दोनदा वाचली आणि चोळीत ठेवली. बायांनी परत कणिक मळायला घेतली. निलम चप्पल घालून शाळेकडं गेली.

शाळेतल्या बाईंनी दारातच चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा जरा ओशाळला. "आम्ही काळजी म्हणून केलं होतं हो. आता बसते ती सगळ्यांत." निलमनं त्यांच्या खांद्यावरून वर्गात पाहिलं. तिसरीची पंचवीस-तीस लेकरं, दोन वेण्यांच्या मुली. एक खिडकीतून बाहेर बघत होती, एक पाटीवर थुंकून पुसत होती. यातली श्रावणी कोण, ते निलमला कळेना. विचारायचं धाडस झालं नाही. चार महिन्यांपूर्वी जिचं नाव न घेता तिनं एवढं केलं, ती समोर असूनही तिला ओळखता आली नाही.

त्यानंतर दवाखान्यात बदल झाले. ग्लोव्हज दुसऱ्या प्रकारचे आले, निळे. टबाला झाकण आलं, नितासाठी कोपरापर्यंतचे जाड मोजे आले, आणि त्या खोलीत पंखा बसला. निलमचं खुर्चीशेजारचं काम मात्र सुटलं. ते पातळ औषध आता तिच्या कातडीला कधीच चालणार नव्हतं. मॅडमनी तिला बाहेरच्या टेबलावर बसवलं. नाव लिहायचं, फोन घ्यायचा, नंबर पुकारायचा. पाच वर्षांपूर्वी सुरुवात केली होती तिथंच. तांड्यावर आता तिला कुणी डाक्टरीण म्हणत नाही. दोन-अडीच महिन्यांत हात बरे झाले. मिराबाईंनी एका संध्याकाळी न बोलता परात तिच्याकडं सरकवली, आणि आपण चुलीजवळ जाऊन बसल्या. तिचा ग्लासही कोनाड्यातून परत मांडणीवर आला. निलम त्याबद्दल सासूला काही बोलली नाही. बोलायचं तोंड आपल्याला नाही, असं तिला वाटलं.

सुमनबाई कवळी घ्यायला आल्या तेव्हा निलमशी फारसं बोलल्या नाहीत. जाताना मात्र म्हणाल्या, "मालन आली परत. गेल्या पंगतीला तिनंच मळली कणिक."

आषाढात एक दिवस मालनबाई स्वतः दवाखान्यात आल्या. बरोबर गाल सुजलेली एक मुलगी होती. टेबलासमोर उभ्या राहिल्या. बाकावर माणसं होती, फोन वाजत होता. निलमनं तो उचलला नाही.

"नाव लिहा," मालनबाई म्हणाल्या. "श्रावणी. वय आठ. दाढ दुखती."

'लिही' नाही, 'लिहा' म्हणाल्या त्या. निलमनं वहीत लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"किती वेळ लागंल?"

"तीन जण हायेत म्होरं. बसा, मावशी."

मालनबाई बाकावर बसल्या. मुलगी टेबलापाशीच रेंगाळली, काचेखालच्या कागदावरचे दात बोटानं मोजायला लागली. निलम तिच्याकडं बघत होती. तेलाचं बोट लावून घट्ट बांधलेल्या वेण्या, हनुवटीवर बारीक तीळ. काहीतरी बोलावं, लई दुखतं का एवढं तरी विचारावं, म्हणून ती पुढं झुकली.

"श्रावणी, इकडं ये," बाकावरून हाक आली.

मुलगी गेली आणि आजीला खेटून बसली. निलमनं वही सरळ केली, पुढचा नंबर बघितला आणि पुकारला.